रोजचा रुग्णआकडा कसा वाचावा आणि वाचून काय करावं

२०२० च्या पहिल्या काही महिन्यांत, करोनाच्या साथीत, जगभर एकच सवय जडली होती. ठरलेल्या वेळी रुग्णांचा आकडा जाहीर व्हायचा आणि पाच मिनिटांत घराघरांत पोहोचायचा. वाढला की धास्ती, घटला की हायसं. मार्चमध्ये ऑस्ट्रेलियापासून ब्रिटन-अमेरिकेपर्यंत दुकानांतला टॉयलेट पेपर संपला. कुठे बाधितांच्या घराकडे बोटं दाखवली गेली, तर कुठे आकडा दोन दिवस उतरताच लोक "संपलं एकदाचं" म्हणून घराबाहेर पडले. यात कुणाच्या अकलेचा प्रश्न नव्हता. नवा आजार, औषध नाही, माहिती तोकडी, आणि रोज ठोस म्हणून हाती येणारी गोष्ट एकच, तो आकडा. तो वाचायचा कसा हे मात्र फारसं कुणी शिकवलं नव्हतं. साथ कोणतीही असो, ही रीत तीच राहते, म्हणून ती नीट मांडून ठेवत आहोत. वही, पेन्सिल आणि रोजची पाच मिनिटं एवढंच लागतं.

आजचा आकडा आजचा नसतो

ही एक गोष्ट पक्की झाली की निम्मी घालमेल कमी होते. समजा, एखाद्याला महिन्याच्या १ तारखेला लागण झाली. करोनाच्या मूळ प्रकारात लक्षणं दिसायला सरासरी ५ दिवस लागायचे, कमीत कमी २ आणि जास्तीत जास्त १४. म्हणजे ६ तारखेला घसा धरला. दोन दिवस "साधी सर्दी असेल" म्हणून गेले. ८ तारखेला स्वॅब दिला, १० ला अहवाल आला, ११ ला नोंद वर गेली आणि १२ च्या बुलेटिनमध्ये तो माणूस 'आजचा नवा रुग्ण' झाला. ज्या दिवशी आपण घाबरतो, त्या दिवशी त्याची लागण ११ दिवस जुनी असते. प्रयोगशाळांवर ताण असेल तर याहूनही जुनी.

चीनमधल्या वूहान शहराचं उदाहरण घ्या. २३ जानेवारी २०२० ला शहर बंद झालं. रोज जाहीर होणारे आकडे त्यानंतरही फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत चढतच होते आणि बंदीचा काही उपयोग नाही असंच कुणालाही वाटलं असतं. पुढे चीन आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या संयुक्त पथकाने रुग्णांची मांडणी लक्षणं सुरू झाल्याच्या तारखेनुसार केली, तेव्हा साथीचा कळस २३ ते २७ जानेवारी दरम्यानच गाठला गेल्याचं दिसलं. लागण ओसरू लागली होती, आकड्यांना ते उशिरा कळलं.

म्हणून कोणताही निर्बंध लागला किंवा उठला की वहीत त्या तारखेला खूण करा आणि निदान १४ दिवस त्याच्या यशापयशावर बोलू नका. "चार दिवस झाले बंद करून, आकडे तर वाढतायत" हे वाक्य २०२० मध्ये प्रत्येक देशात, प्रत्येक भाषेत बोललं गेलं. चौथ्या दिवशीचा आकडा बंदीच्या आधीच्या आठवड्याचा हिशेब सांगत असतो. मृत्यूंना आणखी वेळ लागतो. लक्षणं सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंत दोन ते तीन आठवडे जात, त्यामुळे नवे रुग्ण घटू लागल्यावरही मृत्यू काही दिवस वाढत राहतात. त्या दिवसांत "रुग्ण कमी पण मृत्यू जास्त, म्हणजे विषाणू जास्त घातक झाला" असा निष्कर्ष काढण्याची घाई होते. ती टाळा.

वहीत काय लिहायचं

सहा रकाने पुरेत: जाहीर झाल्याची तारीख, नवे बाधित, चाचण्या, रुग्णालयात दाखल रुग्ण, नवे मृत्यू आणि शेरा. शेऱ्याचा रकाना रुंद ठेवा, सगळ्यात जास्त कामाला तोच येतो.

एकूण रुग्णसंख्या, म्हणजे पहिल्या दिवसापासूनची बेरीज, लिहू नका. ती कधीच खाली येत नाही, त्यामुळे ती पाहून भीती वाढते आणि कळत काहीच नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने २२ जानेवारी २०२० ला सुरू केलेला डॅशबोर्ड (आकड्यांचा ऑनलाइन फलक) कोट्यवधी लोकांनी पाहिला. काळ्या नकाशावर लाल वर्तुळं होती आणि ती एकूण बाधितांच्या आकाराची होती. एखाद्या देशातली साथ ओसरून गेली तरी त्याचं वर्तुळ लहान होणं शक्यच नव्हतं. दिवसेंदिवस नकाशा लालच होत जाणार, हे त्या मांडणीतच ठरलेलं होतं. डॅशबोर्ड अतिशय मोलाचा होता, संशोधकांना त्याने मोठा आधार दिला. पण रात्री झोपताना तो उघडून बघणाऱ्याला मात्र तो एकच गोष्ट सांगत होता: वाढतंय.

आकडा कुठून घ्यायचा ते एकदा ठरवा आणि बदलू नका. एका ठिकाणचा दिवस सकाळी आठला संपतो, दुसऱ्याचा मध्यरात्री. काल एका वाहिनीचा आणि आज दुसऱ्या संकेतस्थळाचा आकडा घेतलात तर काही तासांचे रुग्ण दोनदा मोजले जातील किंवा गळतील, आणि प्रत्यक्षात नसलेली उसळी वहीत दिसेल. आरोग्य खात्याचं मूळ बुलेटिन मिळत असेल तर तेच घ्या. दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, आणि शक्यतो झोपण्याआधी नको.

सात दिवसांची सरासरी, हाताने

शनिवार-रविवारी चाचण्या कमी होतात, नोंदणीचे कर्मचारी कमी असतात. त्याचा परिणाम एक-दोन दिवसांनी आकड्यात उतरतो आणि आठवड्याच्या मध्यात साचलेलं सगळं एकदम येतं. ही लाट विषाणूची नसून कार्यालयाची असते. ती काढून टाकायची तर सात दिवसांची बेरीज करून सातने भागायचं.

एका कल्पित जिल्ह्याचे दोन आठवडे पाहू. पहिला, सोमवार ते रविवार: ४०, ९५, ११०, १०५, १००, ९०, ५५. बेरीज ५९५, सरासरी ८५. दुसरा: ४८, ११०, १२६, १२१, ११८, १०४, ६६. बेरीज ६९३, सरासरी ९९.

आता हेच आकडे रोजच्या रोज ऐकणाऱ्याच्या जागी बसून बघा. शुक्रवारी १००, शनिवारी ९०, रविवारी ५५, सोमवारी ४८: "तीन दिवसांत निम्म्यावर!" लोक सुटकेचा श्वास सोडतात. मंगळवारी ११०: "एका दिवसात दुपटीहून जास्त!" रात्रीत वाणसामानाच्या रांगा लागतात. दोन्ही बातम्यांतले आकडे खरे आणि दोन्ही अर्थ चुकीचे. घडलंय ते एवढंच की आठवड्याला साधारण १६ टक्के वाढ होत आहे. सोमवारी दिलासा मिळण्यासारखं काही घडलं नव्हतं, मंगळवारी घबराट व्हावी असंही काही झालं नव्हतं. आठवड्याची वाढ मात्र खरी आहे आणि तिच्याकडे लक्ष द्यायला हवं.

रोज सात आकडे बेरजेला घ्यायची गरज नाही. कालच्या बेरजेत आजचा आकडा मिळवा आणि मागच्या आठवड्याच्या याच वाराचा वजा करा. पहिल्या आठवड्याची बेरीज ५९५. नव्या सोमवारचे ४८ मिळवले, जुन्या सोमवारचे ४० वजा केले, झाले ६०३, सरासरी ८६. मंगळवारी ६०३ अधिक ११०, उणे ९५, म्हणजे ६१८, सरासरी ८८. ज्या मंगळवारी "दुपटीहून जास्त" ची आरोळी उठली, त्या दिवशी सरासरी दोनने हलली.

ही पद्धत दोन ठिकाणी फसते. मधे मोठी सुट्टी आली की सरासरी आठवडाभर खोटी खाली बसते आणि पुढच्या आठवड्यात तेवढीच खोटी उसळते. शेऱ्यात 'सुट्टी' लिहा आणि दोन्ही आठवडे सोडून द्या. दुसरं, छोट्या गावाचे आकडे. दोनाचे चार झाले तर "शंभर टक्के वाढ" ही बातमी होते, पण चारजण बहुधा एकाच घरातले असतात. आठवड्याला सरासरी २५ रुग्ण असतील तर एखाद्या आठवड्यात १५ ते ३५ मधला कोणताही आकडा निव्वळ योगायोगानेही येऊ शकतो. इतक्या लहान आकड्यांची टक्केवारी काढूच नका, माणसं मोजा.

चाचण्या बघितल्याशिवाय रुग्ण बघू नका

रुग्णसंख्या म्हणजे सापडलेले रुग्ण. जितकं शोधाल तितकं सापडेल, आणि शोधणं थांबवलं तर आकडाही थांबेल. म्हणून नव्या बाधितांना चाचण्यांनी भागून शंभरने गुणा. याला बाधितांचं प्रमाण म्हणा किंवा पॉझिटिव्हिटी रेट.

वरच्याच जिल्ह्यात पहिल्या आठवड्यात ८,५०० चाचण्या आणि ५९५ बाधित, म्हणजे ७ टक्के. दुसऱ्यात ९,९०० चाचण्या आणि ६९३ बाधित, पुन्हा ७ टक्के. रुग्ण १६ टक्क्यांनी वाढले, पण चाचण्याही तेवढ्याच वाढल्या. लागण पसरते आहे की शोध वाढला आहे, हे एवढ्यावरून ठरत नाही, म्हणून आणखी एक आठवडा थांबा आणि रुग्णालयातल्या भरतीचा रकाना बघा. आता तिसऱ्या आठवड्यात समजा बाधित ५४० वर आले आणि चाचण्या ६,००० च झाल्या. आकडा उतरला म्हणून पेढे वाटायची वेळ, पण प्रमाण आहे ९ टक्के. परिस्थिती बिघडली आहे आणि ती दिसेनाशी होते आहे. सगळ्यात धोकादायक दिलासा तो हाच.

मे २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निर्बंध सैल करण्याआधीच्या निकषांत हे प्रमाण निदान दोन आठवडे ५ टक्क्यांच्या खाली असावं असं म्हटलं होतं. ५ ही काही जादूची रेषा नाही. चाचण्या भरपूर आणि सर्वांसाठी खुल्या असतील तेव्हाच तिला अर्थ असतो. फक्त गंभीर रुग्णांचीच चाचणी होत असेल तर प्रमाण आपोआप जास्त येतं, आणि एखाद्या संस्थेने आपल्या सगळ्या निरोगी कर्मचाऱ्यांची एकदम तपासणी केली की ते आपोआप घसरतं. चाचणीचा प्रकार बदलला तरी तेच: प्रयोगशाळेतल्या आरटीपीसीआरच्या जागी झटपट होणाऱ्या अँटिजेन चाचण्या वाढल्या तर काही बाधित निसटतात. असं काही जाहीर झालं की शेऱ्यात लिहा.

एका रात्रीत आलेली उसळी

आकडा अचानक तिप्पट-चौपट झाला तर घाबरण्याआधी पाहायच्या तीन गोष्टी: व्याख्या बदलली का, साचलेली नोंद एकदम आली का, मोजणीत चूक झाली होती का. विषाणू हळूहळू चढतो. एका रात्रीत दहापट होणं हे बहुतेक वेळा कागदांचं काम असतं.

व्याख्या बदलल्याचं ठळक उदाहरण हूबेचं, म्हणजे वूहान ज्या प्रांतात आहे त्याचं. १२ फेब्रुवारी २०२० च्या एका दिवसात तिथे १४,८४० नवे रुग्ण नोंदले गेले, आदल्या दिवशी दीड हजारांच्या आसपास होते. जगभर ठळक मथळे झाले. त्यातले १३,३३२ रुग्ण हे प्रयोगशाळेच्या अहवालाविना, छातीचं सीटी स्कॅन आणि लक्षणं पाहून डॉक्टरांनी निदान केलेले होते. त्या दिवसापासून त्यांनाही मोजायचं ठरलं होतं आणि त्यांच्यातले बरेचजण आधीपासूनच आजारी होते. अशा दिवशी वहीत जुना आणि नवा हिशेब यांच्यामध्ये आडवी रेघ मारा. रेघेच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे एकमेकांशी कधीही ताडू नका.

मोजणीतली चूक इंग्लंडमध्ये घडली आणि तिचा तपशील मुद्दाम सांगण्यासारखा आहे. प्रयोगशाळांकडून आलेले अहवाल एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस साच्यात ओढले जात होते. या साच्यात एका पानावर जास्तीत जास्त ६५,५३६ ओळी मावतात. एकेका रुग्णाला अनेक ओळी लागत, त्यामुळे एका फाइलीत सुमारे १,४०० रुग्णच बसत आणि पुढचे नुसतेच गळत. फाइल तक्रार करत नव्हती. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० दरम्यान १५,८४१ बाधित असे बाहेर राहिले. चूक सापडल्यावर ते मिसळले आणि ३ ऑक्टोबरला १२,८७२, ४ ऑक्टोबरला २२,९६१ असे आकडे आले. दोन दिवसांत साथ भडकल्यासारखं वाटलं. खरी हानी आठवडाभर आधीच झाली होती. त्या बाधितांना स्वतःचे अहवाल मिळाले होते, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांना वेळेवर कळवलं गेलं नाही. जेव्हा आकडा शांत होता तेव्हाच काळजी करण्यासारखं घडत होतं.

मृत्यूंच्या आकड्यांतही असे ताळमेळ होतात. १७ एप्रिल २०२० ला वूहानने एकदम १,२९० मृत्यू वाढवून एकूण ३,८६९ सांगितले, घरी आणि गर्दीच्या दिवसांत दगावलेल्यांची नोंद उशिरा जुळली होती. मेमध्ये स्पेनने दुबार आणि चुकीच्या नोंदी काढून एकूण मृत्यूंतून सुमारे १,९०० वजा केले. ऑगस्टमध्ये ब्रिटनने चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून २८ दिवसांच्या आतले मृत्यूच मोजायचं ठरवलं आणि एकूण संख्या ५,३७७ ने खाली आली. दुरुस्ती झाली की लोक "म्हणजे आधी खोटं सांगत होते" असं म्हणतात. कधी लपवाछपवी असतेही, ती विचारलीच पाहिजे. पण साथ चालू असताना मोजलेला प्रत्येक आकडा कच्चा असतो. दुरुस्ती जाहीर करणारी यंत्रणा, कधीच काही न दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेपेक्षा जास्त विश्वासाची समजावी. वहीत दुरुस्ती त्या दिवसाच्या आकड्यात मिळवू नका, शेऱ्यात वेगळी लिहा. नाहीतर सरासरी आठवडाभर बिघडते.

दुपटीचा काळ आणि त्यातली फसगत

वाढ टक्क्यांत सांगितली तर मनाला तिचा वेग कळत नाही, दुपट कळते. ७० ला रोजच्या टक्केवारीने भागा, उत्तर साधारण दुपटीचे दिवस. रोज १० टक्के वाढ असेल तर ७ दिवसांत दुप्पट. आठवड्याची टक्केवारी घेतली तर उत्तर आठवड्यांत येतं: आपल्या जिल्ह्याची १६ टक्के म्हणजे साडेचार आठवड्यांच्या आसपास. आणि दर ३ दिवसांनी दुप्पट होणारी गोष्ट ३० दिवसांत दहा वेळा दुप्पट होते, म्हणजे १,०२४ पट. म्हणूनच २०२० च्या मार्चमध्ये "फक्त शंभरच तर रुग्ण आहेत" असं वाटणाऱ्या ठिकाणी महिन्याभरात खाटा कमी पडल्या. लहान आकडा पाहून निर्धास्त राहण्याची ती प्रतिक्रिया घबराटीपेक्षा महाग पडली, असं आमचं स्पष्ट मत आहे.

फसगत कुठे होते? दुपटीचा काळ एकूण संख्येवरून काढला की तो नुसता वेळ गेल्यानेच सुधारतो. रोज बरोबर १०० रुग्ण सापडताहेत, जराही सुधारणा नाही, असं धरा. एकूण १,००० असताना दुपटीला १० दिवस लागतात, १०,००० असताना १०० दिवस. "दुपटीचा काळ दहावरून शंभरवर गेला" हे वाक्य खरं, पण परिस्थिती जिथल्या तिथे. बरे होण्याच्या दराचंही तसंच, दिवस सरतील तसा तो चढतोच. म्हणून दुपट काढायची ती नव्या रुग्णांच्या साप्ताहिक सरासरीवरून.

आलेख पाहताना डावीकडचे आकडे आधी वाचा. १०, १००, १,००० अशी पायऱ्यांची सारखी अंतरं असतील तर तो लॉग आलेख. त्यातली सरळ तिरकी रेघ म्हणजे ठरावीक काळाने दुप्पट होत राहणं, आणि ती थोडी वाकली तरी रुग्ण वाढतच असतात. "रेघ सपाट व्हायला लागली" म्हणून पाठवलेल्या कित्येक चित्रांत रोजचे रुग्ण आदल्या आठवड्यापेक्षा जास्तच होते.

मृत्युदर: सगळ्यात जास्त चुकलेला आकडा

३ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी सांगितलं की जगभरात नोंद झालेल्या बाधितांपैकी सुमारे ३.४ टक्के दगावले आहेत. त्यातला 'नोंद झालेल्या' हा शब्द वाटेत गळाला आणि "लागण झालेल्या शंभरातले तीन-चार मरतात" एवढंच लोकांपर्यंत पोहोचलं. ज्यांची चाचणीच झाली नाही असे सौम्य रुग्ण भागाकारात नसतात, त्यामुळे दर फुगतो. उलट, साथ वाढत असताना तोच दर आकसतोही. आज एकूण १,००० बाधित आणि १० मृत्यू, म्हणजे १ टक्का असं वाटतं. पण रुग्ण दर आठवड्याला दुप्पट होत असतील आणि मृत्यू दोन आठवडे मागून येत असतील, तर हे दहाजण एकूण २५० असतानाच्या काळातले. दर ४ टक्के निघतो. दोन चुका, विरुद्ध दिशांच्या, एकाच वेळी चालू असतात.

३१ मार्च २०२० ला इटलीत १,०५,७९२ बाधित आणि १२,४२८ मृत्यू होते, म्हणजे जवळजवळ १२ टक्के. त्याच दिवशी दक्षिण कोरियात ९,७८६ बाधित आणि १६२ मृत्यू, दोन टक्क्यांच्याही खाली. विषाणू तोच. इटलीत चाचण्या मुख्यतः रुग्णालयात पोहोचलेल्या, जास्त आजारी लोकांच्या होत होत्या, लोकसंख्या वयस्क होती, आणि उत्तरेकडच्या लोम्बार्डी प्रांतातली रुग्णालयं भरून गेली होती. कोरियाने संपर्कातल्यांना शोधून शोधून तपासलं, त्यांत तरुण पुष्कळ होते. अशा दरांवरून एखाद्या समाजाची प्रतिकारशक्ती, खाणंपिणं, हवामान यांच्या गोष्टी रचू नका.

फेब्रुवारी २०२० मध्ये जपानमध्ये विलगीकरणात ठेवलेल्या डायमंड प्रिन्सेस या प्रवासी जहाजाचा हिशेब जास्त स्वच्छ होता, कारण बंद जागेत जवळजवळ सगळ्यांची चाचणी झाली: ३,७११ माणसं, ७१२ बाधित, आणि त्यांतल्या साधारण निम्म्यांना चाचणीच्या वेळी लक्षणंच नव्हती. लक्षणांवरून शोधणारी यंत्रणा किती जणांना मुकते, हे तिथे कळलं.

देशांची क्रमवारी लावायची हौस सगळ्यांना असते. लावायचीच तर आधी लोकसंख्येने भागा. ६० लाखांच्या भागात ३०० रुग्ण म्हणजे लाखामागे ५, नऊ लाखांच्या भागात ९० म्हणजे लाखामागे १०. दुसऱ्याची स्थिती दुप्पट वाईट, बातमीत नाव मात्र पहिल्याचं. मग मोजणीची पद्धत बघा. बेल्जियमने वृद्धाश्रमांतले संशयित मृत्यूही सुरुवातीपासून मोजले आणि तो यादीत वर दिसला. प्रामाणिकपणे मोजणाऱ्याला बोल लावला गेला. अंतिम ताळा पुष्कळ उशिरा मिळतो, नेहमीच्या वर्षापेक्षा किती जास्त माणसं गेली यावरून. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० आणि २०२१ मिळून असे १ कोटी ४९ लाख अतिरिक्त मृत्यू झाले, तर करोनाचे म्हणून नोंदलेले होते ५४ लाख.

आकडा वाचून झाल्यावर

निर्णय आकड्याच्या दिवशी घेऊ नका, आधीच लिहून ठेवा. वहीच्या पहिल्या पानावर, डोकं शांत असताना: "सरासरी दोन आठवड्यांत दुप्पट झाली, किंवा बाधितांचं प्रमाण ५ च्या वर जाऊन वाढतच राहिलं, तर आजी-आजोबांकडे जाणं थांबवायचं, समारंभ पुढे ढकलायचा. सलग दोन आठवडे उतरलं तर पुन्हा विचार करायचा." प्रत्येक घराची रेषा वेगळी असेल. घरात ऐंशी वर्षांचं माणूस किंवा डायलिसिसवरचा रुग्ण असेल तर ती बरीच खाली ठेवा. आणि काही गोष्टी आकड्यावर टांगू नयेत: ताप आला की वेगळ्या खोलीत राहणं, रोजच्या औषधांचा तीन-चार आठवड्यांचा साठा, खिडक्या उघड्या ठेवणं. त्या आकडा पाच असला तरी करायच्या आणि पाच हजार असला तरी.

ग्रुपवर आकडा आला की पुढे ढकलण्याआधी तीन गोष्टी शोधा: कुठल्या तारखेचा, कुठल्या भागाचा, आणि नवा की एकूण. यांतली एक जरी नसली तर तो पुढे जाऊ देऊ नका. ज्याने पाठवला त्याला सगळ्यांसमोर खोडून काढू नका, तो घाबरलेला असतो आणि अपमान झाला की हट्टाला पेटतो. त्याला एकट्याला लिहा: "काका, हा एकूण आकडा आहे, आजचे नवे १२६. आठवड्याची सरासरी ९० च्या पुढे गेली आहे, म्हणजे हळू वाढतंय. मास्क सोडू नका, मी रविवारी फोन करतो." यात बरोबर आकडा आहे, त्याचा अर्थ आहे आणि करण्यासारखी एक गोष्ट आहे. नुसतं "घाबरू नका" म्हटल्याने आजवर कुणाची भीती गेलेली नाही.

घरातलं एखादं माणूस दिवसभर टीव्हीपुढे बसून आकडे मोजत असेल तर टीव्ही बंद करण्यावरून वाद घालू नका. वही त्यांच्या हातात द्या. रोज एक नोंद, एक बेरीज, एक वजाबाकी. दर तासाला नवा वाटणारा आकडा प्रत्यक्षात दिवसातून एकदाच बदलतो, हे त्यांना स्वतःच्या अक्षरात दिसतं. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, तर मात्र वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरांशी बोला.

आकड्यामागचा माणूस शोधू नका. "आपल्या भागात दोन सापडले" कळलं की पुढचा प्रश्न "कोण?" असतो, आणि नाव फुटलं की त्या घराचं दूध-पाणी तोडलं जातं. ते पाहून शेजारचा खोकणारा चाचणीला जात नाही. वहीतला आकडा कमी होतो, लागण वाढते. संपर्कात कोण आलं ते शोधणं आरोग्य कर्मचाऱ्यांचं काम आहे, त्यांना खरी माहिती द्या आणि बाधिताच्या दाराशी डबा ठेवून या.

शून्य आल्यावर

शून्याच्या दिवशी आधी चाचण्यांचा रकाना बघा. शून्य चाचण्यांचं शून्य म्हणजे नोंदच नाही. चाचण्या नेहमीइतक्या असतील आणि शून्य टिकत असेल, तर अधिशयन काळाची (लागणीपासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ, जास्तीत जास्त १४ दिवस) दोन पूर्ण चक्रं, म्हणजे २८ दिवस, वही चालू ठेवा. न्यूझीलंडमध्ये ८ जून २०२० ला एकही सक्रिय रुग्ण उरला नव्हता. स्थानिक लागणीविना १०२ दिवस गेल्यावर ११ ऑगस्टला ऑकलंडमधल्या एकाच घरातले चारजण बाधित सापडले, आणि लागण कुठून आली ते कळत नव्हतं. तिथे चाचण्या चालू होत्या म्हणून ते चौघं सापडले. २८ दिवसांनंतर रोजच्या नोंदीची गरज नाही. आठवड्यातून एकदा, सोमवारी, बाधित आणि चाचण्या हे दोनच रकाने भरा.